कोमलच्या बैलाचा खांदा

डोळ्यांनी न दिसणाऱ्या एका मुलीला मी तिच्याच हातांवर अविश्वास ठेवायला शिकवलं. शिकवणं हीच माझी नोकरी असल्यामुळे तेही मला चांगलं जमलं. दिवाळी अंकासाठी 'तुमच्या कामाविषयी लिहा' असं संपादकांनी सांगितलं तेव्हा आधी मुलांच्या कौतुकाची चार पानं लिहिली होती. वाचून पाहिली आणि बाजूला ठेवली. खोटं काहीच नव्हतं त्यांत, पण ती सगळी पानं ही एक गोष्ट झाकण्यासाठी लिहिल्यासारखी वाटत होती. म्हणून ही आधी सांगून टाकली. आता कौतुकही निर्धास्त करता येईल.

मी फिरता विशेष शिक्षक आहे. म्हणजे माझी स्वतःची अशी शाळा नाही. केज तालुक्यात ज्या शाळांमध्ये न दिसणारी, ऐकू न येणारी, हातापायांत जोर नसलेली किंवा जरा उशिरा उमजणारी मुलं आहेत, त्या शाळांना मी आळीपाळीने जातो. खरं तर मला चित्रकला शिक्षक व्हायचं होतं. तशी पदविकाही घेतली, पण जागा निघाल्या नाहीत. मग विशेष शिक्षणाचा अभ्यासक्रम केला आणि कंत्राटावर इथे लागलो. त्यामुळे ब्रेल, खुणा, व्यायाम या ठरलेल्या कामांत मी चित्रकला आणि मातीकाम घुसवत आलो. मोटरसायकलच्या एका बाजूला पुस्तकांची पिशवी आणि दुसऱ्या बाजूला मातीचं पोतं बांधलेलं असतं. नांदूरघाटच्या हॉटेलवाल्याने एकदा न राहवून विचारलंच.

"सर, पोत्यात काय हाय?"

"माती."

"माती? केजहून? आन् आमच्याकडं काय सोनं पडलंय का मग?"

त्याला समजावून सांगितलं, की आपल्या रानातली काळी माती वाळली की भेगाळते, तिचं खेळणं टिकत नाही. तळ्याचा गाळ, गावठाणातली पांढरी माती आणि पिंजलेला कापूस मळून घेतला की टिकतं. त्याने ऐकून घेतलं आणि गल्ल्यावरच्या पोराला म्हणाला, "सरांच्या चहाचे पैसे घेऊ नको रे. सरकार मान्साला माती वाहायला लावायलंय."

बाहेरच्यांना माझं काम समजावं म्हणून एक सांगतो. आमच्याकडे अपंग लेकरावर शाळेत कुणी हात उचलत नाही, कुणी वाईट बोलत नाही. त्याला निवांत बसवतात. चित्रकलेचा तास आला, "तू निवांत बस." कवायत आली, "तू निवांत बस." स्नेहसंमेलन आलं, "तू पुढं बसून निवांत बघ," आणि हे न दिसणाऱ्यालाही. यात माया असते, पण अशा मायेत लेकराची सगळी शाळा बसून निघून जाते. निवांत बसलेल्याला उठवणं, हे माझं काम.

त्यासाठी फार मोठी साधनं लागत नाहीत. शिंप्याकडे कापडावर खुणा करायची दातेरी फिरकी असते. जाड कागद रबरी चटईवर पालथा ठेवून ती फिरकी चालवली की दुसऱ्या बाजूने रेघ उठून येते. मग न दिसणारं मूल बोटाने चित्र वाचतं. डिंकाने सुतळी चिकटवली तर स्वतः काढतंही. केजच्या ज्या टेलरकडून मी फिरक्या घेतो, त्याला बरेच दिवस वाटत होतं की मी दुसरं दुकान टाकतोय.

युसूफ वडगावला ज्ञानेश्वर नावाचा मुलगा होता. गाव त्याला माऊली म्हणायचं, पण त्याला हाक ऐकू येत नसे. तिथला क्रीडाशिक्षक माझा वर्गमित्र. स्नेहसंमेलनाच्या लेझीम पथकात माऊलीला घे म्हटल्यावर तो भडकला.

"येडा का बे तू? ह्याला हलगी ऐकूच येत न्हाई, ताल काय धरंल?"

"शिकवतो मी."

"शिकिव. पण पथक फसलं तर स्टेजवर तुला उभा करीन. चड्डीवर."

मी माझ्या परीने शिकवलं. हलगी त्याच्या पोटाला टेकवून वाजवली. हलगीवाल्याच्या कोपराकडे बघायला लावलं. हळूहळू त्याला ताल सापडला आणि मी स्वतःवर खूश झालो. संमेलनाच्या दिवशी पथक रांगेत उभं राहिलं आणि माऊली एकदम घाबराघुबरा झाला. जागचा हलेना. लेझीम खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागला. पडदा उघडायची वेळ आली. तेवढ्यात त्याने पुढच्या मुलीच्या डोक्याला हात घातला आणि तिचा खास त्या दिवशी घातलेला, गजरा लावलेला अंबाडा ओढून सोडला. मुलगी किंचाळली, "सर, ह्या माऊल्यानं बघा!" तिची लांब वेणी पाठीवर पडली. माऊली शांतपणे लेझीम उचलून जागेवर उभा राहिला.

तेव्हा मला कळलं. तो हलगी नव्हता बघत, हलगीवाल्याचा कोपरही नव्हता बघत. पुढच्या मुलीची वेणी तालावर डावीकडे-उजवीकडे जाते, ती बघून तो नाचत होता. माझी सगळी युक्ती त्याने कधीच टाकून दिली होती आणि स्वतःची शोधली होती. पथक असं नाचलं की माझा मित्र मागे उभा राहून डोळे पुसत होता. त्या मुलीने मात्र पुढे कितीतरी दिवस माऊलीशी अबोला धरला. त्याला तो कळला की नाही, देव जाणे.

या मुलांबद्दल मला जे वाटतं ते दयेतून आलेलं नाही. ते असल्या प्रसंगांतून आलंय. ती आपली वाट काढतात आणि आपल्याला वाटतं आपण दाखवली. माऊलीच्या वेळी हे कळूनही पुढे कोमलच्या वेळी माझ्या ध्यानात राहिलं नाही.

कोमल नांदूरघाटच्या पलीकडे एका वस्तीवर राहते. जन्मापासून दिसत नाही. तिचे वडील बिभीषण आणि आई दिवाळी झाली की बैलगाडी घेऊन ऊसतोडीला जातात. बैलही जातात. मागे कोमल आणि तिचे आजोबा उरतात. आजोबांना सगळी वस्ती आबा म्हणते.

त्या वर्षी डिसेंबरात बीडला दिव्यांग मुलांच्या चित्रांचं आणि मातीकामाचं प्रदर्शन भरणार होतं. मी मुलांना सांगितलं, जे आवडतं ते करा. कोणी महादेवाची पिंड केली, कोणी ट्रॅक्टर. मी तीनदा गेलो, तिन्ही वेळा कोमल एकच गोष्ट करत बसली होती. बैल. घरी बैल नव्हते, म्हणून असेल. आबा म्हणाले, "गोठ्यात जाऊन रिकाम्या दावणीला हात लावून येती. मंग बसती माती घिऊन."

तो बैल मी अजून विसरलेलो नाही. पाय आखूड आणि जाड. शिंगं छोटी. डोळे केलेच नव्हते. पण पाठ, गळ्याखाली लोंबणारी पोळी, शेपटीचा गोंडा, हे इतकं खरं होतं की हात फिरवावासा वाटे. आणि वशिंडाच्या पुढे, मानेवर, तिने आणखी एक गोळा चिकटवला होता. खडबडीत, एका अंगाला कललेला. वशिंड वेगळं आणि हा वेगळा.

मी बैल केजला घरी आणला. वाळायच्या आधी गेरू द्यायचा होता. ओसरीत ठेवून बघत बसलो आणि तो गोळा मला खुपायला लागला. मला वाटलं, वशिंडाची जागा चुकली असणार, म्हणून तिने दोनदा केलं. परीक्षक हसतील. बाकी इतकं छान आणि हे मध्येच गालगुंड झाल्यासारखं. बोटं ओली केली आणि गोळा खरवडून काढला. मान गुळगुळीत केली. मग एकदा हात लागल्यावर थांबवेना. शिंगं लांब करून वळवली. डोळे कोरले. पायांना खुर दिले. चित्रकला शिक्षक व्हायचं राहिलेलं होतं ना, ते सगळं बोटांत उतरलं.

बायको भाजी निवडत होती. म्हणाली, "तिला विचारलं का?"

मी म्हणालो, "तिला कुठे दिसणार आहे?"

हे वाक्य मी बोललो. ज्याने आयुष्य या मुलांमध्ये काढलं, तो मी. बायकोने भाजी उचलली आणि ती आत गेली.

बैलाला पहिलं बक्षीस मिळालं. कोमल आणि आबा जीपने केजला आले होते, तिथून आम्ही एसटीने बीडला गेलो. बक्षीस द्यायला आलेले पाहुणे प्रेमळ होते. त्यांनी माइक कोमलसमोर धरला. "बाळा, सांग बघू, बैल कसा केलास?"

कोमलने बैल हातात घेतला. बोटं पाठीवरून मानेवर आली आणि थांबली. परत मागे गेली, परत पुढे आली.

"हा माझा न्हाई," ती माइकवर म्हणाली.

सभागृहात हशा झाला. पाहुणे माझ्याकडे बघायला लागले. त्या क्षणी खरं बोललो असतो तर फार काही बिघडलं नसतं. थोडी नाचक्की झाली असती. पण मी पुढे झालो आणि शिक्षकाच्या ठाम आवाजात म्हणालो, "अगं, तुझाच आहे. वाळली की माती आकसते. आकार बदलतो."

माती वाळली की आकसते, हे खरंच आहे. सगळ्यात वाईट खोटं असं अर्ध्या खऱ्याचं असतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या चालू असताना कोमलने मला हळूच विचारलं, "आसं करती का माती?"

"हो," मी म्हणालो.

परत येताना एसटीत आबा माझ्या शेजारी बसले होते. कोमल खिडकीशी झोपली होती. त्यांनी बैल मांडीवर घेतला होता. बराच वेळ बघून म्हणाले, "बैल लई देखना केला, सर, तुमी."

जानेवारीत मी वस्तीवरच्या शाळेत गेलो. कोमलपुढे माती ठेवली, तिने हात मागे घेतला.

"नको. दुसरं काय आसल तर द्या."

"का गं?"

"माती आपलं ठिवून घेत न्हाई. आपन एक करावं, तिनं दुसरंच करून ठिवावं."

मी सुतळी दिली. तिने सुतळीचं घर काढलं. मणी दिले, ओवले. पुढच्या वेळी पुन्हा माती नेली, पुन्हा तेच. बीडची हकिकत वर्गात पोचली होती आणि मुलांना तर खेळच सापडला होता. कुणाचं पेन्सिलीचं टोक मोडलं की ती ओरडत, "आकसलं रं आकसलं! कोमलच्या बैलासारखं!" कोमल त्यांच्या अंगावर धावून जायची नाही. गप्प बसायची. निवांत. ज्या शब्दाशी मी उभी नोकरी भांडलो, तिथे मीच तिला नेऊन बसवलं होतं.

दर खेपेला ठरवायचो, आज सांगू. आणि दर खेपेला सुतळी काढून द्यायचो. त्या वर्षी माझ्या कामाच्या अहवालावर त्या बैलाचा फोटो होता. साहेबांनी पाठ थोपटून मला प्रशस्तिपत्र दिलं होतं. कंत्राट वाढलं होतं. अशा गोष्टी तोंड बंद ठेवायला फार मदत करतात.

कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे उसाचा हंगाम संपला, आणि बिभीषण आणि त्याची बायको परत आली. उन्हाळा गेला, शाळा सुरू झाली. पोळ्याच्या आदल्या दिवशी मी शाळेतून निघालो तर बिभीषणाने रस्त्यातच अडवलं.

"सर, आज खांदेमळनी हाय. चहा घिऊनच जायचं."

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे गरम पाण्याने शेकतात, हळद आणि लोणी लावून मळतात. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याची ती सेवा असते. मग बैलाला आमंत्रण देतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या."

अंगणात जोडीतला एक बैल उभा होता. त्याचं नाव सरदार. त्याच्या मानेपाशी कोमल. बिभीषण हसत म्हणाला, "आमाला हात लावू देत न्हाई गडी. हंगामावरून आला की खांदा लई दुखतो त्येचा. हिनं लावला की मांजर होतो."

कोमलने माझा आवाज ओळखला. "सर, या की हिकडं. लाथ न्हाई मारत. हात द्या तुमचा."

मी हात दिला. तिने तो सरदाराच्या मानेवर नेला. "आता डोळे झाका. उघडे ठिवले की कळत न्हाई."

मी डोळे मिटले. वशिंडाच्या पुढे, मानेवर, माझ्या तळव्याखाली एक गोळा होता. खडबडीत, केस गेलेला, एका अंगाला कललेला. मधोमध टाचेसारखा टणक आणि कडेला गरम. जू जिथे बसतं, तिथे आलेली खांदेसूज. मी हजार बैल पाहिले असतील. शेतकऱ्याचा मुलगा आहे. पण बैल म्हटल्यावर माझ्या बोटांनी शिंगं आणि डोळे केले होते, चित्रातला बैल केला होता. तिने ऊस वाहणारा बैल केला होता. घरापासून लांब असलेल्या सरदाराचा खांदा आत्ता दुखत असेल, हे तिने मातीत लिहून ठेवलं होतं आणि मी ते खरवडून गेरू दिला होता.

डोळे मिटलेले होते म्हणूनच बोलता आलं असावं. "कोमल, तुझ्या बैलाचा हा गोळा मी काढला होता. माती आकसली नव्हती."

लोणी मळणारे तिचे हात थांबले.

"म्हंजी मातीनं न्हाई केलं?"

"नाही."

"तुमी केलं."

"हो."

"मंग मातीवर का म्हून घातलं?"

बिभीषण मध्ये पडला. "जाऊ दे गं बाय. सर मोठे हायेत. चुकतं मान्साचं."

"जाऊ का म्हून द्यायचं, दादा?" ती वडिलांवरच उसळली. "तितं माइकवर सांगितलं, माती आकसती म्हनून. समदी पोरं मला चिडवायलीत. आन् आता बैलाच्या आडून मला एकटीला सांगायलेत व्हय?"

आबा बाजेवर बसले होते. त्यांनी तंबाखू थुंकली आणि म्हणाले, "लेकरू खरं बोलायलंय."

कोमल सरदाराच्या कानाशी गेली. त्याला आवतन दिलं. मग माझ्याकडे न वळता म्हणाली, "शाळंत सांगा. समद्यांम्होरं."

पोळ्याची सुट्टी संपली तशी मी सकाळी लवकर शाळेत गेलो. मुख्याध्यापकांना सांगितलं, परिपाठात मला बोलायचंय. कारण ऐकल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. "अहो सर, कशाला उकरून काढता? पोरांपुढं मास्तरानं असं बोलायचं नसतं, पोरं डोक्यावर बसतील. आन् तुमची नोकरी कंत्राटी. वरपर्यंत गेलं तर?" माणूस चांगला होता, माझ्या भल्यासाठीच बोलत होता. मी म्हणालो, "साहेबांचं प्रशस्तिपत्र मी खरं काय ते पत्रात लिहून परत पाठवलंय. वर गेलेलंच आहे." ते कपाळाला हात लावून खुर्चीवर बसले. पण परिपाठाची घंटा त्यांनी स्वतः दिली.

आता मी वर्गात फिरताना दोन्ही हात पाठीमागे धरतो. मुलांच्या कामाला बोटही लावत नाही. मुलांना वाटतं सरांची पाठ दुखते. कुणी विचारलं तर हो म्हणतो. पण त्या सकाळी ही सवय अजून लागायची होती आणि हातांचं काय करावं ते कळत नव्हतं.

मुलं पटांगणात रांगेत उभी होती. कोमल पहिल्या रांगेत होती. मी तिच्याजवळून पुढे जाताना तिने विचारलं, "पोतं आनलंय का?"

"आणलंय."

"मंग आदी सांगा."

मी पुढे उभा राहिलो. बीडच्या सभागृहात जो आवाज निघाला होता, तो आता निघेना. मागच्या रांगेतलं एक पोरगं कुजबुजलं, "सर आकसले." सगळी हसली. त्या हसण्यानेच माझी जीभ सुटली.

"मुलांनो," मी म्हणालो, "कोमलचा बैल आकसला नव्हता. तिने सरदाराचा सुजलेला खांदा केला होता, जसा आहे तसा. मला तो ओळखता आला नाही. मी तो तिला न विचारता काढून टाकला. तिच्या हातांनी लगेच ओळखलं, तेव्हा मी सगळ्यांसमोर खोटं बोललो. आणि नाव मातीचं सांगितलं. मातीनं काहीही बदललं नव्हतं. कोमलनं दिलेलं सगळं तिनं ठेवून घेतलं होतं. कोमल, तुझे हात खरे होते. मी खोटा होतो. मला माफ कर."